‘आई, यंदा पाणी कधी येणार?’

प्रश्न

कर्नाटकातल्या निपाणी तालुक्यात, दूधगंगेकाठच्या एका गावातून हे पत्र आलंय. लिहिणारी ३७ वर्षांची आहे. घरचा ऊस, चार म्हशी, डेअरीला दूध. नवरा, सासूबाई, तेरा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा. भिंतीला भिंत लागून धाकटे दीर-जाऊ, त्यांची दोन लहान मुलं.

२०२४ च्या जुलैत नदी वाढली. पाणी घरात येणार अशी चिन्हं दिसताच ती मुलांना घेऊन बेळगावला कॉलेजातल्या मैत्रिणीकडे गेली. दिरांनी त्यांच्या ओम्नीतून सोडलं. नवरा म्हशींसाठी मागे राहिला, सासूबाई हट्टानं राहिल्या, जाऊ मुलांना घेऊन गावातल्या शाळेत, पूरग्रस्तांच्या काळजी केंद्रात गेली. बेळगावात आठ दिवस गेले. मध्ये एक दिवस उघडीप मिळाली तेव्हा मैत्रिणीनं सगळ्यांना राजहंसगडावर नेलं. मुलं कणसं खातानाचा फोटो हिनं स्टेटसला ठेवला. परत आल्यावर जाऊ चारचौघींत म्हणाली, ‘‘गाव पाण्यात आणि आमच्या बाई कणसं खायाला गडावर.’’ सासूबाई म्हणाल्या, ‘‘पाणी आलं म्हणून लक्ष्मी घर सोडून जाते व्हय?’’

तीन महिन्यांनी, ऑक्टोबरात, तिचा फ्लोरिडातला भाऊ मिल्टन वादळाच्या दोन दिवस आधी टॅम्पा सोडून बायको-मुलीसह मोटारीनं अटलांटाला मित्राकडे गेला. त्याचं तिच्या सासरी-माहेरी दोन्हीकडे कौतुक झालं. ‘वेळेत निघाला, शहाणा आहे.’ ती विचारते, ‘‘भावानं केलं ते शहाणपण आणि मी केलं ती मजा, असं कसं?’’

यंदाचा पावसाळा तोंडावर आलाय. मैत्रीण आत्तापासून फोन करतेय. आणि परवा जेवताना मुलानं आजीसमोरच विचारलं, ‘‘आई, यंदा पाणी कधी येणार? मावशीकडे जायचंय.’’ सासूबाई ताटावरून उठून गेल्या. ‘‘ताई, मोठी बहीण समजून लिहिते. जाऊ की नको?’’

उत्तर

मोठी बहीण म्हणालीस, म्हणून अगं-तुगं करते. राग मानू नकोस.

आधी एक गोष्ट सांगून टाकते. पाणी यायच्या आत मुलांना घेऊन उंचावर गेलीस, ते बरोबर केलंस. यात माझ्या मनात दुसरं मत नाही. पाणी उंबऱ्याला लागायच्या आधी पोरंबाळं, म्हातारी माणसं, बाळंतिणी हलवायच्या, ही नदीकाठची जुनीच रीत आहे. पूर्वी बैलगाडीत भांडीकुंडी घालून माळावरच्या पाव्हण्यांकडे जायचे. तू ओम्नीतून मैत्रिणीकडे गेलीस. पाव्हण्यांकडे गेली असतीस, अगदी माहेरी गेली असतीस, तरी कुणी एवढं बोललं नसतं. आपल्याकडे लग्न झालेल्या बाईला दोनच पत्ते असतात, सासर आणि माहेर. मैत्रिणीचं घर हाही अडीअडचणीचा आसरा असू शकतो, हे लोकांच्या हिशेबातच नसतं. म्हणून तिकडे गेलेली बाई त्यांना फिरायला गेल्यासारखी दिसते. या एका बाबतीत लोक चुकतात, आणि त्यासाठी तू मान खाली घालायचं काही कारण नाही.

पण तुझा प्रश्न ‘जाऊ की नको’ एवढाच नाही, असं मला पत्र वाचताना वाटत राहिलं. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

भावापासून सुरुवात करू. तू त्याचं उदाहरण तक्रार म्हणून दिलंस, आणि ती तक्रार खरी आहे. लांबच्या माणसाचं कौतुक सोपं असतं, त्याच्या जाण्यानं कुणाला धार काढावी लागत नाही. त्याहून महत्त्वाचा फरक मात्र वेगळाच आहे. फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगतच्या जिल्ह्यांत वस्तीचे भाग ए, बी, सी अशा अक्षरांनी आधीच वाटून ठेवलेले असतात. सगळ्यात धोक्याचा तो ए. आपलं घर कुठल्या अक्षरात येतं हे माणसाला ठाऊक असतं. वादळ जवळ आलं की ‘ए आणि बीनं निघावं’ असा हुकूम सुटतो. मिल्टन ९ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री टॅम्पाच्या दक्षिणेला, सरासोटाजवळ किनाऱ्यावर आलं, आणि निघायचे हुकूम त्याच्या आधीच सुटलेले होते. म्हणजे निघायचं की नाही, कुणी निघायचं, निघालो तर लोक काय म्हणतील, हा वाद तुझ्या भावाला घरात घालावाच लागला नाही. तो सरकारनं वादळाच्या आधीच मिटवला होता. तुला मात्र तो पाणी अंगणात असताना, सासूबाईंसमोर, एकटीला मिटवावा लागला. त्याला शहाणा म्हटलं आणि तुला बोल लागला, त्यात बाईमाणसाला लावायचं वेगळं माप आहेच, मी नाकारत नाही. पण हा ठरवण्याचा भारही त्यात आहे, आणि तो आपल्याला हलका करता येतो.

तिथल्या आपत्ती खात्याची माणसं लोकांना एक गोष्ट घोकून सांगतात: पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. आणि पळायचं तर शेकडो मैल नको, दहा-वीस मैल पुरे. यामागे कडू अनुभव आहे. २००५ साली रिटा वादळाच्या भीतीनं ह्यूस्टन परिसरातून वीस-पंचवीस लाखांहून जास्त माणसं एकदम रस्त्यावर आली. गाड्या तासन्‌तास जागच्या हलल्या नाहीत, पेट्रोल संपलं, उष्म्यानं माणसं गेली, वृद्धाश्रमातल्या लोकांना नेणाऱ्या एका बसला आग लागली. या पळापळीतच शंभराच्या आसपास माणसं दगावली. मिल्टनच्या दोनच आठवडे आधी हेलीन वादळ आलं, तर त्याचा सगळ्यात भयानक पूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात आला. लांब गेलं म्हणजे सुटलो असं नसतं, आणि उशिरा निघालं तर वाटच घात करते.

हे सगळं तुला का सांगते? कारण तू लिहिलंस, ‘‘हायवेला लागलं की बेळगाव पाऊणशे किलोमीटर, दीड तासाचा रस्ता, त्यामुळे शेवटपर्यंत वाट बघितली तरी चालतं.’’ नाही गं, नाही चालत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ पुणे-बेंगळुरू हायवेवर चढलं होतं आणि वाहतूक बंद पडली होती. ट्रकांच्या रांगा तू स्वतः बघितल्या असशील. एवढा मोठा रस्ता बंद होतो, तिथे कारदगा-भोज, जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ या ठेंगण्या पुलांची काय कथा? ते तर दर पावसाळ्यात आधी पाण्याखाली जातात. तुझ्या गावातून बाहेर पडायच्या वाटा किती, त्यातली कुठली आधी बुडते, हे कागदावर लिहून काढ. शेवटून दुसरी वाट बुडाली, की निघायचं. घरात पाणी येण्याची वाट बघायची नाही. उजेड असताना निघायचं. आणि रस्त्यावर वाहतं पाणी दिसलं, तर गाडी घालायची नाही, मग चालवणारा कितीही पट्टीचा असो. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी उचलतं, दोन फूट पाण्यात जीपसुद्धा वाहून जाते. ओम्नी तर किती हलकी, तुला माहीतच आहे.

बेळगावात पोचलं की सुटलो, हेही तपासून घे. २०१९ ला बेळगावातसुद्धा सखल भागात पाणी शिरलं होतं, बळ्ळारी नाल्याकाठची शहापूर-वडगावची शिवारं तर पावसाळ्यात पाण्याखाली जातातच. मैत्रिणीचं घर कुठल्या अंगाला आहे, त्या साली तिच्या गल्लीत पाणी आलं होतं का, एवढं विचारायला लाजू नकोस.

आता मला खरं जे बोलायचंय त्याकडे येते.

तुझ्या पत्रात एक वाक्य आहे: ‘‘धाकट्या दिरांनी त्यांच्या ओम्नीतून आम्हाला बेळगावला सोडलं.’’ पुढे लगेच मैत्रिणीच्या घरचं वर्णन सुरू होतं. मी त्या वाक्यावर थांबले. ओम्नीत तू, मुलगी, मुलगा आणि चालवायला दीर. चार माणसं. गाडी तुझ्या जावेच्या नवऱ्याची. आणि ती स्वतः दोन लहान पोरांना घेऊन शाळेत, वर्गात सतरंज्यांवर. तिचा नवरा तुम्हाला सोडून, एकटा, रिकामी गाडी घेऊन परत आला.

तिला कुणी ‘येतेस का’ म्हणून विचारलं होतं का?

तुझ्या पत्रात ते नाही. कदाचित विचारलं असेल आणि तिनं नको म्हटलं असेल. कदाचित धारांसाठी घरातली एक बाई मागे राहायलाच हवी, असं न बोलता ठरलं असेल, आणि धाकटी म्हणून ते तिच्यावर आलं असेल. कदाचित पाणी वाढत होतं आणि कुणालाच काही सुचत नव्हतं. मी दोष द्यायला विचारत नाही. पण ‘आमच्या बाई कणसं खायाला गडावर’ हे वाक्य मी जेव्हा तिच्या जागी बसून वाचते, तेव्हा मला त्यात कणसं दिसत नाहीत. मला काळजी केंद्रातली एक आई दिसते. पन्नास-साठ माणसांना एक-दोन संडास, रात्रभर कुणाचं ना कुणाचं मूल रडतंय, लाईट येते-जाते. भात-आमटी वेळेवर मिळते, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. एक काळ या केंद्रांना गंजी केंद्र, म्हणजे पेजेचं केंद्र, म्हणायचे, आता काळजी केंद्र म्हणतात, आणि तिथे खपणारी माणसं मनापासून खपतात. तरी शाळेचा वर्ग तो शाळेचा वर्ग. त्यात कुणाच्या तरी मोबाईलवर तिला तुझा फोटो दिसला. तुझी मुलं हसतायत, रेनकोट घातलेत, मागे धुकं आहे. तिच्या पोरांनीही तो बघितला असणार. ‘आमाला का न्हेलं न्हाई?’ असं एखाद्यानं विचारलंही असेल. अशा वेळी आई काय उत्तर देते? काहीच देत नाही. मग महिन्याभरानं चारचौघींत ती टोमणा मारते.

तू मजा केलीस, यात वावगं काही नाही. चार दिवस भिजून, घाबरून बसलेल्या मुलांना उघडीप मिळाल्यावर मैत्रिणीनं गडावर नेलं, यासाठी तिचे आभारच मानायला हवेत. संकटातल्या माणसानं संकट सरेपर्यंत हसू नये, हा नियम कुणी केला? काळजी केंद्रातसुद्धा पोरं क्रिकेट खेळतात, बायका रात्री गाणी म्हणतात. तुमच्या शाळेतही म्हटली असतील. फोटो मात्र त्या दिवसात स्टेटसला ठेवायला नको होता, एवढं मी म्हणेन. गावात बघणारे दोनशे जण पाण्यात उभे होते. पण ती छोटी चूक आहे आणि ती विसरली जाईल. ओम्नीतल्या जागेचं तसं होणार नाही. त्याबद्दल तुम्ही दोघींनी कधी बोललात, असं पत्रात दिसत नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं: मैत्रिणीला होकार द्यायच्या आधी जावेकडे जा. खुलासा द्यायला नको, ‘मी मजा नाही केली’ हेही सांगायला नको. सरळ विचार, ‘‘यंदा पाणी आलं तर पोरांना घेऊन माझ्याबरोबर येतेस? नसशील येत, तर तुझी पोरं माझ्याबरोबर पाठवतेस?’’ ती पहिल्यांदा काहीतरी तिरकस बोलेल. बोलू दे. दोन दिवसांनी पुन्हा विचार. धारा कोण काढणार हा प्रश्न ती काढेलच, आणि तो खरा प्रश्न आहे. दोन भाऊ मागे राहतात, त्यांना चार म्हशींची धार काढता येत नसेल तर पावसाळ्याआधी शिकावी. यात अवघड काही नाही.

मग मैत्रिणीशी बोल, तेही मोकळेपणानं. ‘‘आम्ही पाच-सहा जण होऊ, जमेल का? नसेल जमत तर दोनच पोरं ठेवशील का?’’ तू लिहिलंस की तिच्या घरी आठ दिवस तुला सारखं ओशाळल्यासारखं वाटत होतं, सगळी भांडी तूच घासत होतीस, आणि पोरं मोठ्यानं बोलली तरी दटावत होतीस. यजमानाच्या बाजूनं तुला एक सांगते. २०१९ च्या त्या ऑगस्टमध्ये आमच्या घरी नऊ माणसं होती, दोन कुटुंबं, दोघंही कृष्णाकाठची. मला स्वयंपाकाचा त्रास झाला नाही. दहा भाकरी काय, पंचवीस काय, परातीत पीठ वाढवायचं. त्रास झाला तो दोन गोष्टींचा. एक, ओले कपडे. जुलै-ऑगस्टात बेळगावात काही वाळत नाही. दारात, गॅलरीत, पंख्याखाली, खुर्च्यांच्या पाठींवर, सगळीकडे दमट चादरी, आणि घरभर तो कुबट वास. दुसरा त्रास, त्यांचं सारखं माफी मागणं. त्यातल्या एक वहिनी दर जेवणाला ‘तुम्हाला फार त्रास’ म्हणायच्या, आणि मला दर वेळी ‘नाही हो’ म्हणावं लागायचं. चौथ्या दिवशी त्यांच्या सासऱ्यांनी एका कोपऱ्यात इस्त्री मांडली आणि नातीची भिजलेली वह्या-पुस्तकं एकेक पान करून, मध्ये जुना पेपर घालून, सुकवायला घेतली. दोन दिवस ते तेवढंच करत होते. माझ्या मुलानंही त्यांच्याजवळ बसून पानं उलटली. घर त्या दिवसापासून हलकं झालं. आसऱ्याला आलेल्या माणसाला काम मिळालं, आणि आम्हालाही ‘नाही हो’ म्हणण्यातून सुटका मिळाली.

तेव्हा जाताना मिठाई नको. आपली पांघरुणं, टॉवेल, पाच-सहा किलो तांदूळ, पीठ, औषधं पंधरा दिवसांची, मोबाईलचा चार्जर घेऊन जा. किती दिवस राहणार हे आधी बोलून घ्या, आणि दोन दिवस म्हणू नकोस. तुमच्या दूधगंगेचं पाणी कृष्णेला मिळतं. कृष्णाच फुगलेली असली तर तिचा फुगवटा मागे येतो, आणि गावात पाऊस थांबला तरी पाणी हटत नाही. ऊन पडलंय, आभाळ स्वच्छ, आणि पाणी जागच्या जागी, हे दृश्य तू बघितलंयस. आठवडा-दहा दिवस धरूनच चाल. तेवढं मैत्रिणीला जमणार नसेल तर पाच दिवस तिच्याकडे, पुढे दुसरीकडे, असंही ठरवता येतं. असं आधी बोलल्यानं मैत्री तुटत नाही.

आता मागे राहणाऱ्यांचं. ‘नवरा मागे राहिला’ हे तू चार शब्दांत लिहिलंस, पण मला काळजी तुझ्यापेक्षा त्याची वाटते. कुठल्या खुणेला पाणी आलं की त्यानं निघायचं, हे आज, कोरड्या दिवशी ठरवा. प्रत्येक गावात खूण असते. मारुतीच्या देवळाची दुसरी पायरी, डेअरीचा कट्टा, २०१९ च्या पाण्याची शाळेच्या भिंतीवर राहिलेली रेघ. ‘त्या पायरीला पाणी लागलं की म्हशी माळावर आणि मी त्यांच्याबरोबर’, असा शब्द त्याच्याकडून घे, आणि दिरांकडूनही. म्हशी पाणी यायच्या आधी हलवल्या तर शांतपणे चालत जातात. पाणी पोटाला लागल्यावर त्या बिथरतात. वैरण आणि पेंड माळावर आधीच नेऊन ठेवा. आणि काही झालं तरी जनावर दाव्याला बांधलेलं सोडून कुणी निघायचं नाही. हलवायला वेळ मिळाला नाही, तर दावं कापायचं. मोकळं जनावर पोहून उंचवटा शोधतं, बांधलेलं जागीच बुडतं. विळा गोठ्याच्या दाराशी, हाताला येईल अशा उंचीवर अडकवून ठेवा.

सीमाभागात राहणाऱ्या आपल्या सगळ्यांना एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. आपलं पाणी महाराष्ट्रातून येतं आणि आपल्या नोटिसा कन्नडमधून येतात. दूधगंगेचं धरण काळम्मावाडीला, वेदगंगेचं पाटगावला, दोन्ही कोल्हापूर जिल्ह्यात. तिथून किती पाणी सोडलं ही बातमी मराठीत, कोल्हापूरकडून कळते. कुठलं गाव हलवायचं, शाळांना सुट्टी कधी, काळजी केंद्र कुठे, हे आपल्या तालुक्यातून आणि जिल्हाधिकाऱ्यांकडून कन्नडमध्ये येतं. एकाच बाजूचं ऐकणारा माणूस निम्मंच ऐकतो. तुझी मुलगी शाळेत कन्नड शिकते ना? पावसाळ्यात ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर आलेली प्रत्येक सूचना तिला मोठ्यानं वाचायला लाव, आजीला मराठीत सांगायला लाव. तेरा वर्षांच्या मुलीला हे काम आवडेल, आणि सासूबाईंनाही ‘सून घाबरतेय’ यापेक्षा ‘नातीनं वाचलंय’ हे लवकर पटेल. वेळ आलीच तर ११२ हा नंबर घरातल्या सगळ्यांना पाठ हवा.

कागद तूच बरोबर घेऊन जा: रेशन कार्ड, आधार, बँकेची पासबुकं, जमिनीचा उतारा, मुलांचे दाखले. प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत, एकात एक. पण पाणी ओसरल्यावर घराच्या आणि पिकाच्या नुकसानीची पाहणी करायला तलाठी आणि पंचायतीचे लोक येतात, तेव्हा घरचं कुणीतरी दारात हवं. चिखल काढायच्या आधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचे, भिजलेल्या सामानाचे फोटो काढून ठेवायला नवऱ्याला सांग. तू फोटो बघून सुखासुखी परतू नकोस, पहिली साफसफाई मोठ्यांनी करायची, मुलांनी नाही. गाळात साप-विंचू असतात, भिंती ओल्या असतात, वायरिंग भिजलेलं असतं.

सासूबाईंचं काय करायचं, हे मी फार सांगू शकत नाही. ‘लक्ष्मी घर सोडून जाते व्हय’ म्हणणारी बाई त्या घरात नववधू म्हणून आली, तिनं किती पूर त्याच उंबऱ्यावर बसून बघितले असतील, कुणाला माहीत. त्यांना कदाचित बेळगाव नकोच असेल. परक्याच्या घरातला संडास, परक्याची चूल, दुपारी आडवं व्हायला जागा नाही, याचं म्हाताऱ्या माणसाला दडपण येतं, आणि ते बोलायची लाज वाटते, मग लक्ष्मीचं नाव पुढे येतं. गावातच माळावर कुणी ओळखीचं, भावकीतलं घर असेल तर त्यांना तिथे आधीच नेऊन सोडा. फ्लोरिडावाले म्हणतात तसं, दहा-वीस मैलही नको, पाण्याच्या रेघेच्या वर एवढंच हवं. तू बेळगावला, त्या माळावर, यात कुणाचं कुणावाचून अडत नाही. फक्त त्यांनाच विचारून ठरव, त्यांच्यामागे नको.

आणि तुझा लेक. ‘यंदा पाणी कधी येणार’ हे ऐकून तुला लाज वाटली, सासूबाईंना राग आला. आठ वर्षांच्या मुलाला पूर आवडत नाही गं. त्याला मावशी आवडते. त्याला गेल्या दोन-तीन वर्षांत मावशीकडे फक्त एकाच वाटेनं जाता आलं, पाण्याच्या वाटेनं. म्हणून त्यानं ती मागितली. त्याला रागावू नकोस. पावसाळा सुरू व्हायच्या आधी दोन दिवस काढ आणि कोरड्या रस्त्यानं मैत्रिणीकडे जाऊन या. तवंदी घाटात थांबा, बेळगावात कुंदा खा, पुन्हा त्या गडावर जा. यंदा वरून लांबपर्यंत स्वच्छ दिसेल. उसाची तोड सुरू झाली की मैत्रिणीला तुमच्याकडे बोलाव, गुऱ्हाळावर ने, काकवी बांधून दे. तिनं तुझं गाव फक्त पाण्याखालचं ऐकलंय. ते हिरवंही बघू दे. दोन्ही घरांत येणं-जाणं असलं, की पुराच्या दिवसांत तिच्या दारात उभं राहताना तुलाही ओशाळं वाटणार नाही.

जमलं तर मुलाला एक काम दे. मारुतीच्या पायरीची खूण त्याला दाखव आणि सांग, पाणी इथे दिसलं की बाबांना हाक मारायची. नदीकाठच्या पोराला हे समजायला हवं, आणि तुझ्या लेकाला समजेल.

राहता राहिली ती ओम्नी. आपल्याकडच्या बहुतेक ओम्नींची मागची सीट दुधाच्या कॅनसाठी काढून ठेवलेली असते, आणि ती गोठ्यात कुठेतरी वैरणीखाली पडलेली असते. दिरांचीही तशीच असेल तर जूनच्या आत ती बाहेर काढ, पुसून घे, उंदरांनी कुरतडलीय का बघ, आणि दिरांकडून बसवून घे. जावेला बोलावशील तेव्हा ती आधी गाडीतच डोकावून बघेल.